मेडिक्लेम बदलावा की आहे तोच चालू ठेवावा? (सांगली, नूतनीकरण १४ मार्च)

सांगलीवाला | ९ जानेवारी २०२६

नमस्कार. आमच्या घरचा मेडिक्लेम मार्च २०१४ पासून एकाच खाजगी कंपनीकडे आहे. मी (वय ४६), पत्नी (४३) आणि अकरावीत शिकणारा मुलगा असे तिघे ५ लाखांच्या फ्लोटर पॉलिसीत (तिघांना मिळून एकच विमा रक्कम) आहोत आणि बोनस साठून ती रक्कम सध्या ७.५ लाखांवर गेली आहे. परवा कंपनीचे पत्र आले. त्यात यंदाचा हप्ता ४१,२०० रुपये लिहिला आहे. मागील वर्षी मी ३६,५८० रुपये भरले होते. सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी उठला, म्हणून यंदा हप्ता कमी होईल अशी माझी समजूत होती, आणि झाले नेमके उलट.

दोन नव्या योजनांची कोटेशन घेतली आहेत. दोन्ही १० लाखांच्या आहेत. पहिलीचा हप्ता ३३,५०० रुपये आहे. तिच्यात खोलीभाड्याला मर्यादा नाही, मात्र मुंबईसारख्या वरच्या विभागातील शहरात उपचार घेतल्यास बिलाचे २० टक्के आपण भरायचे आहेत. दुसरीचा हप्ता ३८,९०० रुपये आहे. तिच्यात एका रुग्णाची स्वतंत्र खोली मिळते, शहराची अट नाही आणि हातमोजे, सिरिंज वगैरे वस्तूंचा खर्चही एका रायडरमध्ये (जोड-संरक्षणात) धरलेला आहे. मला २०२१ पासून रक्तदाब आहे, रोज एक गोळी चालू आहे. पत्नीला थायरॉइड आहे. एजंट म्हणतात की पोर्ट करणे (जुन्या पॉलिसीची वर्षे धरून दुसऱ्या कंपनीकडे जाणे) अगदी सोपे आहे, काळजी करू नका. त्यांनी इतक्या सहजपणे सांगितल्यामुळेच मला काळजी वाटू लागली आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हिशेबनीस | ९ जानेवारी

मी सरकारी विमा कंपनीच्या कार्यालयात तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे प्रथम आकड्यांकडे वळतो. तुमच्या मागील वर्षीच्या ३६,५८० रुपयांत १८ टक्के जीएसटी होता. तो वजा केल्यास मूळ हप्ता ३१,००० रुपये निघतो. यंदाच्या ४१,२०० रुपयांत कर नाही, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा कर शून्य झाला आहे. म्हणजे खिशातून जाणारी रक्कम साडेबारा टक्क्यांनी वाढलेली दिसत असली, तरी कंपनीने मूळ हप्ता जवळजवळ ३३ टक्क्यांनी वाढवला आहे. तुम्ही ४५ ओलांडून पुढच्या वयोगटात गेलात हे त्यामागचे एक कारण असणार, कारण फ्लोटरचा हप्ता घरातील सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो. उरलेली वाढ कंपनीच्या दरपत्रकातील असावी. लेखी खुलासा मागा. वयामुळे किती आणि दरवाढीमुळे किती, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

आता तारखा पाहू. पोर्टिंगची सोय आपल्याकडे २०११ पासून आहे. पोर्टिंग फक्त नूतनीकरणाच्या वेळी करता येते आणि त्याचे वेगळे शुल्क नसते. अर्ज नूतनीकरणाच्या ६० ते ४५ दिवस आधी गेलेला असावा. तुमच्या बाबतीत ही मुदत १३ जानेवारीला सुरू होऊन २८ जानेवारीला संपते. एजंट फेब्रुवारीत बघू म्हणाले तर ऐकू नका.

सांगलीवाला | १० जानेवारी

३३ टक्के हा आकडा वाचून थोडा वेळ तसाच बसून राहिलो. आभार. खुलासा मागणारा ईमेल आजच पाठवला आहे.

गोदाकाठ | १० जानेवारी

माझे मत वेगळे आहे. बारा वर्षांची पॉलिसी ही मिळकत आहे, ती दोन-तीन हजारांसाठी हलवू नये. माझ्या थोरल्या भावाने मागील वर्षी पोर्टिंगचा अर्ज केला. त्याला मधुमेह आहे. नव्या कंपनीने तपासण्या करून घेतल्या आणि नंतर अर्ज नाकारला. नाकारण्याचा तिला हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पोर्टिंगचा हक्क आपला असला, तरी स्वीकारायचे की नाही हे नवी कंपनी तिच्या निकषांवर ठरवते. सुदैवाने त्याने जुना हप्ता वेळेत भरला होता.

तुम्ही ५ लाखांची पॉलिसी चालू ठेवून तिच्यावर २० लाखांचा सुपर टॉप-अप (ठरावीक रक्कम, म्हणजे वजावट, ओलांडल्यावरचा खर्च देणारी जोड पॉलिसी) घ्यावा असे मी सुचवेन. ५ लाख वजावट ठेवली तर त्याचा हप्ता बेताचाच येतो. घेताना साधा टॉप-अप घेऊ नका. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक बिल स्वतंत्रपणे ५ लाखांच्या वर जावे लागते, तर सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या बिलांची बेरीज धरली जाते.

सांगलीवाला | ११ जानेवारी

गोदाकाठ, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मीही त्याच विचारात होतो. मात्र कपाटातून २०२३ ची फाइल काढली आणि विचार बदलू लागला. पत्नीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया मिरजेत झाली होती. एकूण बिल १,८०,००० रुपये झाले. ते असे होते: खोली चार दिवस, रोज ७,५०० प्रमाणे ३०,०००, सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह आणि नर्सिंग मिळून ८४,०००, औषधे ३१,०००, तपासण्या १७,०००, आणि हातमोजे, मास्क, नोंदणी शुल्क वगैरे १८,०००.

आमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ५,००० आहे. आम्हाला वाटले की जास्तीचे रोजचे अडीच हजार, म्हणजे चार दिवसांचे १०,००० आपल्या अंगावर येतील आणि विषय तिथेच संपेल. प्रत्यक्षात कंपनीने १,२४,००० रुपये दिले आणि ५६,००० आम्ही भरले. तेव्हा पत्नी घरी सुखरूप आली होती, म्हणून मी खोलात गेलो नाही. हे ५६,००० कसे झाले, कोणी समजावून सांगेल का?

खिडकी क्र. ३ | ११ जानेवारी

मी पुण्यातील एका रुग्णालयात विमा विभागाच्या खिडकीवर काम करते आणि हा प्रश्न मला दिवसातून चार वेळा तरी विचारला जातो. तुम्हाला ५,००० च्या खोलीचा हक्क होता आणि तुम्ही ७,५०० ची घेतली, म्हणजे हक्क दोन तृतीयांश ठरला. बऱ्याच रुग्णालयांत खोलीचा वर्ग वाढला की सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, नर्सिंग हे सारे दर वाढतात. त्यामुळे कंपनी त्या रकमांनाही हेच प्रमाण लावते. ८४,००० चे दोन तृतीयांश ५६,००० होतात, म्हणजे २८,००० तेथे कापले गेले. खोलीचे १०,००० आणि न मिळणाऱ्या वस्तूंचे १८,००० धरले की तुमचा आकडा जुळतो. औषधे आणि तपासण्या पूर्ण मिळालेल्या आहेत, कारण औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांना ही प्रमाणशीर कपात लावायची नाही असा विमा नियामकाचाच (आयआरडीएआयचा) नियम आहे. ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, तेथेही ती लावता येत नाही. तसे असेल तर रुग्णालयाकडून तसे पत्र घ्यावे. हे फार थोडे लोक मागतात.

तेव्हा गोदाकाठ यांनी सुचवलेला सुपर टॉप-अप चांगलाच आहे, पण तो मोठ्या आजारासाठी. १,८०,००० च्या बिलातील ५६,००० तो देणार नाही, कारण बिल ५ लाखांच्या पुढे जातच नाही. मी खिडकीतून पाहते ती बहुतेक बिले एक ते तीन लाखांचीच असतात.

गोदाकाठ | ११ जानेवारी

हा हिशेब मला ठाऊक नव्हता. माझ्या पॉलिसीचा कागद आजच पाहतो.

शंकासुर | १२ जानेवारी

सर्व जण हप्ता आणि खोली यांतच अडकले आहेत. कंपनी क्लेम देते की नाही, हे आधी पाहायला नको का? दोन्ही नव्या कंपन्यांचा क्लेम निकाली काढण्याचा दर ९५ टक्क्यांहून जास्त असल्याचे जाहिरातीत लिहिलेले असणारच. मग निवड करायची कशावर?

हिशेबनीस | १२ जानेवारी

निकाली काढलेल्या क्लेमची टक्केवारी संख्येवर काढतात. सांगलीवाल्यांचा २०२३ चा क्लेम त्या हिशेबात ‘दिला’ या रकान्यातच बसतो, त्यातले ५६,००० कापले गेले तरीही. त्यामुळे तो आकडा मी फारसा मनावर घेत नाही. दुसरे गुणोत्तर असते ते जमा झालेल्या हप्त्यांच्या तुलनेत दिलेल्या रकमेचे. सरकारी कंपन्यांचे ते शंभरच्या आसपास किंवा वर असते, तर फक्त आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांचे साठ ते सत्तरच्या दरम्यान. हे गुणोत्तर फार खाली असेल तर कंपनी हात आखडता घेते की काय अशी शंका येते, आणि शंभरच्या वर असेल तर आज ना उद्या हप्ता वाढणार हे उघड आहे. तेव्हा तीन वर्षांचे आकडे सलग पाहावेत आणि सोबत विमा लोकपालांकडे गेलेल्या तक्रारींचे आकडेही पाहावेत, ते त्यांच्या वार्षिक अहवालात कंपनीनिहाय छापलेले असतात.

आणखी एक गोष्ट. नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची मंजुरी तीन तासांत देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे, शिवाय समितीने पाहिल्याखेरीज क्लेम नाकारता येत नाही.

खिडकी क्र. ३ | १२ जानेवारी

तीन तासांचे घड्याळ रुग्णालयाने अंतिम बिल पाठवल्यावर सुरू होते, आणि ते बिल आमच्याकडेच दुपारपर्यंत तयार होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक कंपनीवर चिडलेले असतात, तेव्हा फाइल बऱ्याचदा आमच्याच औषध विभागात पडलेली असते.

क्लेम नाकारला जाण्याचे जे कारण मी सर्वांत जास्त पाहिले आहे, ते मात्र कोणत्याही गुणोत्तरात दिसत नाही. रात्री अकरा वाजता रुग्ण दाखल होतो. निवासी डॉक्टर विचारतात, ‘‘बीपी कधीपासून आहे?’’ काका घाबरलेले असतात; ते म्हणतात, ‘‘झाली की आठ-दहा वर्षं.’’ डॉक्टर केस पेपरवर ‘दहा वर्षे’ असे लिहितात. प्रत्यक्षात गोळी सुरू होऊन पाच वर्षे झालेली असतात आणि प्रस्तावातही तसेच लिहिलेले असते. कंपनी म्हणते की आजार लपवला. मग जुने प्रिस्क्रिप्शन शोधा, डॉक्टरांकडून दुरुस्तीचे पत्र आणा, असे महिनाभर चालते. सांगलीवाले, तुमच्या पहिल्या गोळीच्या २०२१ च्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो घरातील प्रत्येकाच्या मोबाइलवर ठेवा आणि पोर्टिंगच्या अर्जात रक्तदाब, थायरॉइड आणि पित्ताशयाची शस्त्रक्रिया या तिन्ही गोष्टी तारखेसह लिहा. एजंट ‘बीपी किरकोळ आहे, लिहायची गरज नाही’ म्हणाले तर अर्ज स्वतः भरा.

सांगलीवाला | १३ जानेवारी

एजंट नेमके हेच म्हणाले होते. शब्दशः.

आता एक शंका आहे. आमची बारा वर्षे झाली, म्हणजे आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ) केव्हाच संपला आहे. नव्या कंपनीत तो पुन्हा शून्यापासून सुरू होणार का?

हिशेबनीस | १३ जानेवारी

होणार नाही, पण किती रकमेसाठी, ते पाहावे लागते. जुन्या पॉलिसीत घालवलेल्या काळाचे श्रेय जुनी विमा रक्कम आणि साठलेला बोनस यांच्यापुरते मिळते. तुमच्या बाबतीत ते ७.५ लाखांपर्यंत आहे. नव्या १० लाखांपैकी वरच्या २.५ लाखांना नवा प्रतीक्षाकाळ लागेल. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो, पूर्वी चार वर्षांचा असे. तसेच सलग पाच वर्षे झाल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याचे कारण देऊन क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत आधी आठ वर्षांची होती. या मुदतीसाठीही तुमची जुनी वर्षे तेवढ्या रकमेपुरती मोजली जातात. अर्जात हे श्रेय स्पष्टपणे मागून घ्या आणि २०१४ पासूनच्या सगळ्या पॉलिसींच्या प्रती जोडा. जुन्या कंपनीकडून माहिती ७२ तासांत जायला हवी आणि ती मिळाल्यावर नव्या कंपनीने पाच दिवसांत निर्णय कळवायला हवा.

३३,५०० च्या योजनेबद्दल सांगायचे, तर तुम्ही सांगलीत आहात. साधे आजार मिरजेत बरे होतील. पण हृदय, मेंदू किंवा कर्करोग निघाला तर तुम्ही पुणे-मुंबईच गाठणार. ८ लाखांच्या बिलावर २० टक्के म्हणजे १,६०,००० रुपये होतात. वर्षाला वाचणारे ५,४०० रुपये त्यापुढे टिकत नाहीत.

पणजीकर | १५ जानेवारी

आई-वडिलांचा विषय या धाग्यात आला नाही, म्हणून विचारतो. माझे वडील ७१ वर्षांचे आहेत आणि सरकारी कंपनीची जुनी ३ लाखांची पॉलिसी आहे. तीही हलवावी का?

सांगलीवाला | १५ जानेवारी

माझ्या वडिलांची (७२) आणि आईची (६८) परिस्थिती हीच आहे. वडिलांची अँजिओप्लास्टी २०१९ मध्ये झाली. त्यांची पॉलिसी हलवण्याचा विचारही मी केलेला नाही, कारण कोणतीही कंपनी त्यांना सहजी घेणार नाही आणि घेतले तरी को-पे (बिलातला ठरावीक वाटा आपण भरण्याची अट) लावूनच घेईल. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आहे. त्यामुळे तेथे थोडा दिलासा आहे. वडिलांचे सरकारी योजनेचे आयुष्मान वय वंदना कार्डही काढून घेतले. सत्तरीनंतर उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांचे संरक्षण मिळते आणि खाजगी मेडिक्लेम असला तरी ते नाकारत नाहीत. मात्र रुग्णालय योजनेतले असावे लागते. आईला अजून दोन वर्षे थांबावे लागेल.

पणजीकर | १५ जानेवारी

कार्डाचे ठाऊक होते, पण पॉलिसी असताना ते मिळते हे ठाऊक नव्हते. धन्यवाद.

सांगलीवाला | ३१ जानेवारी

धाग्यावर मदत केलेल्या सर्वांना पुढची हकीकत कळवणे मला आवश्यक वाटते. १४ जानेवारीला मी दुसऱ्या योजनेसाठी, म्हणजे ३८,९०० वालीसाठी, स्वतः अर्ज भरला. तिन्ही आजारांच्या नोंदी तारखेसह केल्या. कंपनीने माझी रक्त-लघवी तपासणी आणि ईसीजी करून घेतला. काल त्यांचे पत्र आले: माझ्या रक्तदाबामुळे हप्त्यावर १० टक्के लोडिंग (जादा आकारणी), म्हणजे एकूण ४२,७९० रुपये, मान्य असल्यास सही करून पाठवा.

गंमत अशी की आता नवी पॉलिसी जुनीपेक्षा १,५९० रुपयांनी महाग झाली. पैसे वाचवायला निघालो होतो. रात्री पत्नीला दोन्ही कागद दाखवले. तिने २०२३ चे बिल पुढे ओढले, नव्या पॉलिसीत हे बिल किती मिळाले असते ते विचारले, आणि पूर्ण १,८०,००० असे उत्तर ऐकल्यावर म्हणाली, ‘‘मग यात विचार कसला करताय?’’

शंकासुर | ३१ जानेवारी

लोडिंग पुढील वर्षी काढून टाकता येते का? आणि हीच नवी कंपनी तीन वर्षांनी ३३ टक्के वाढ करणार नाही, याची खात्री कोणी दिली आहे?

हिशेबनीस | १ फेब्रुवारी

लोडिंग सहसा कायम राहते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की खात्री कोणीच देत नाही. एकदम दोन किंवा तीन वर्षांचा हप्ता भरल्यास तेवढा काळ दर गोठतो आणि थोडी सूटही मिळते, एवढाच उपाय आहे. जुन्या करप्रणालीत असाल तर आयकराच्या कलम ८० डी ची वजावट मात्र भरलेली रक्कम त्या-त्या वर्षांत विभागून मिळेल.

सांगलीवाले, संमती पाठवा, पण नव्या कंपनीची स्वीकृती आणि पावती हाती येईपर्यंत जुन्या कंपनीला काहीही कळवू नका. १४ मार्चपर्यंत काही अडलेच, तर पोर्टिंग प्रलंबित असताना जुनी पॉलिसी थोड्या काळासाठी त्या प्रमाणात हप्ता भरून वाढवून घेता येते. ३० दिवसांच्या सवलतीच्या मुदतीवर विसंबू नका. वार्षिक हप्ता भरणाऱ्याचे त्या दिवसांत फक्त सातत्य टिकते, संरक्षण मिळत नाही.

गोदाकाठ | २ फेब्रुवारी

माझी पॉलिसी पाहिली. खोलीची मर्यादा रोज ३,००० आहे. आमचे नूतनीकरण जुलैत आहे. मे महिन्यात वेगळा धागा काढीन.

सांगलीवाला | २६ मार्च

नवी पॉलिसी १४ मार्चपासून सुरू झाली. दोन वर्षांचा हप्ता एकदम भरला. पीडीएफ आल्यावर खिडकी क्र. ३ यांच्या सवयीने एकेक रकाना वाचला. माझ्या आणि मुलाच्या नावापुढे पहिल्या पॉलिसीची तारीख बरोबर होती, पण पत्नीच्या नावापुढे १४ मार्च २०२६ छापले होते. म्हणजे तिच्या थायरॉइडला तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ नव्याने लागला असता आणि ते आम्हाला एखाद्या क्लेमच्या वेळीच कळले असते. पॉलिसी पाहून परत करण्याची किंवा दुरुस्त करून घेण्याची मुदत ३० दिवसांची आहे, म्हणून त्याच दिवशी २०१४ ची पॉलिसी जोडून ईमेल केला, तिसऱ्या दिवशी ग्राहक सेवेला फोन केला, सातव्या दिवशी तक्रार अधिकाऱ्याला लिहिले. दुरुस्त प्रत काल आली. तिच्यावर आता तिघांच्याही नावापुढे १४ मार्च २०१४ हीच तारीख आहे.

खिडकी क्र. ३ | २६ मार्च

तिची छापील प्रत काढून ठेवा. रात्री अकरा वाजता मोबाइलची बॅटरी संपलेली असते.